दर्ग्यातली वाटी

वाटी फुटली तेव्हा अप्पा माझ्यापासून चार हातांवर, दाराकडं तोंड करून तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. लाकडी हातोड्याचा तिसरा ठोका कडेवर पडला आणि हातातली वाटी एकाएकी हलकी झाली. एक तुकडा माझ्या मांडीवर पडला, एक राखेत गेला, आणि तिसरा तसाच अंगठ्याखाली राहिला.

मी इकडंतिकडं बघितलं. माझंच दुकान, माझीच बैठक, आणि मी चोरासारखा बघत होतो. कुणी बघितलं नव्हतं.

ही गोष्ट अडुसष्ट सालची. मी तेवीस वर्षांचा होतो. बोरखेडच्या तांबट आळीत शिरलं की डाव्या हाताचं तिसरं दुकान आमचं, करड्यांचं. अप्पा हंडे, पातेली, घंगाळी ठोकायचे आणि मी नक्षी काढायचो. नक्षीत आपल्यासारखा हात पंचक्रोशीत नाही असं मला वाटायचं, आणि नुसतं वाटायचं नाही, मी ते चारचौघांत बोलूनही दाखवायचो. अंगात मस्ती होती, दुसरं काय!

वाटी मात्र आमची नव्हती. दर्ग्यातली होती. ओंजळीएवढी, पिवळट पांढऱ्या रंगाची. आत तळाला वर्तुळांत वर्तुळं, दरेकाच्या मधोमध एक टिंब. बाहेरून कडेला उंच उंच दांड्यांची अक्षरं, एकमेकांत वेलीसारखी गुंतलेली. काय लिहिलंय ते गावात कुणालाच वाचता येत नव्हतं, दर्गा सांभाळणाऱ्या मुजावरांनासुद्धा नाही. पीरबाबांच्या मागून एक फकीर ती इराणाकडून घेऊन आला म्हणे. कुणी म्हणायचं सातशे वर्षांची, कुणी म्हणायचं हजार.

गावात कुणी फार आजारी पडलं, मग घर कुठल्याही जातीचं असो, हिरव्या फडक्यात बांधून ती वाटी त्या घरी जायची. सकाळी तीत पाणी भरायचं. बोटाच्या पेरानं कडेवर एकदा वाजवायची. आजाऱ्यानं डोळे मिटून थोडा वेळ बसायचं, मग डोळे उघडून पाणी प्यायचं. एवढंच. ना मंत्र, ना दक्षिणा. डोळे मिटून बसायचं ते दुआ मागायला, असं मी आपलं धरून चाललो होतो.

त्या दिवसांत वाटी मुजावरांच्याच घरी होती, कारण त्यांची बायको, सुग्राचाचीच, अंथरुणाला खिळली होती.

चाचीबद्दल काय सांगू? आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून मुजावरांचं परसू. दुपार झाली की भिंतीवरून चाचीची आरोळी यायची, "भाल्या, जेवलास का रे?" जेवलो असलो तरी मी नाही म्हणायचो. करड्याचं पोर मुजावराच्या घरी जेवतं, म्हणून आळीत कुजबुज झाली. अप्पा सरळ म्हणाले, "मग तुम्ही घाला जेवायला." कुजबुज बंद पडली. चाचीच्या दोन्ही लेकी लग्न होऊन लांब गेल्या, तसा तिच्या सगळ्या रागालोभाला मीच सापडायला लागलो. मिसरूड फुटलं तरी ती माझा कान धरायची.

त्या वर्षी दसऱ्यापासून तिचे पाय सुजायला लागले. चार पावलं चालली की धाप लागायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी काळजाचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि मुजावरांना, म्हणजे मकबूलचाचांना, बाजूला घेऊन नुसती मान हलवली. चाचीचा मात्र वाटीवर भरवसा. पहिल्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती, ती ह्याच वाटीच्या पाण्यानं, असं ती छातीवर हात ठेवून सांगायची. डॉक्टरांची गोळीसुद्धा ती त्याच पाण्याबरोबर घ्यायची. "गोळी साधी आहे, पाणी भारी आहे," म्हणायची.

वाटीची कड एका जागी आत वळली होती. बसून पिताना धड होतं, पण उशीला टेकून पिताना पाणी चाचीच्या गळ्यावर सांडायचं. एके दिवशी तिनंच चाचांना सांगितलं, "भालूकडं द्या. अर्ध्या तासात नीट करून देईल."

अर्धा तास! मी तर पाव तासात करणार होतो. वाटी भट्टीवर धरून तापवली, बाजूला ठेवून गार होऊ दिली, लोखंडी दांड्यावर चढवली आणि ठोकली. तांब्याला, पितळेला लहानपणापासून हेच करत आलो होतो. तापवून गार केलं की ते मऊ पडतं, मग हवं तसं वळवा. वाटी कशाची आहे हे मी बघितलंच नाही. मी बघत बसलो नक्षी.

राखेतला तुकडा उचलायला मी वाकलो तेवढ्यात अप्पा चुना मागायला वळले आणि त्यांना सगळं दिसलं. त्यांनी तुकडा हातात घेतला, फुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"गाढवा, हे कासं आहे!"

अप्पांशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं. पन्नाशी उलटली की आमच्या आळीत सगळ्यांचंच तसं. मी आधी दार लावून घेतलं आणि मग ओरडून विचारलं, "मग काय झालं?"

"काय झालं? कासं लालबुंद असतानाच ठोकायचं आणि लालबुंद असतानाच पाण्यात सोडायचं. तू ते तापवून आपोआप गार होऊ दिलंस. मग गार ठोकलंस. म्हणजे तू त्याची काच केलीस आणि वर हातोडा मारलास!"

"सांधता येईल का?"

"डाग दिसेल. पाणी धरणार नाही." त्यांनी तुकडा माझ्या हातावर ठेवला. "जा. आत्ता जा. मुजावरांना सांग, चाचीला सांग. पाया पड. आज सांगशील तर सांगशील, उद्या तुला जड जाईल."

मी गेलो. अगदी खरं सांगतो, सांगायलाच गेलो होतो. तुकडे घरीच ठेवले होते, पण वाक्य जुळवून नेलं होतं. चाचा ओट्यावरच भेटले. उंच, सडसडीत माणूस, कधी आवाज न चढवणारा. त्या दिवशी दाढीसुद्धा विंचरलेली नव्हती.

"झाली का रे?" ते म्हणाले. "सकाळपासून गोळी घेतली नाही तिनं. वाटी येऊ दे, मग घेईन म्हणते."

जुळवलेलं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. तोंडातून निघालं ते भलतंच.

"कड नाजूक आहे चाचा. घाई केली तर तडकेल. दोन दिवस लागतील."

चाचा आत गेले आणि बाहेर आले. "दोन दिवस साध्या पाण्याबरोबर घ्यायला कबूल झाली. म्हणते, भालूला घाई करू नको म्हणावं."

झालं. तिथून पुढं मला परतीची वाट राहिली नाही, असं मला वाटलं. वाट होती हो, चांगली रुंद होती. पण तेवीस वर्षांच्या माणसाला ती दिसत नाही.

जुन्या समईची जाड पितळी बैठक मी तोडली. तिचा पत्रा केला, त्याची वाटी उठवली. फुटके तुकडे मेणानं जोडून समोर ठेवले आणि अक्षर न् अक्षर, दांडी न् दांडी उतरवून काढली. अर्थ कळत नव्हता, म्हणून रेष जराही इकडची तिकडं होऊ दिली नाही. तळाची वर्तुळं, त्यातली टिंबं, एका टिंबाला जुन्या कारागिराचा हात किंचित घसरला होता, तो घसरलेला हातसुद्धा उतरवला. तराजूच्या एका पारड्यात तुकडे आणि दुसऱ्यात नवी वाटी ठेवून वजन जुळवलं. जुन्या वाटीसारखा रंग यायला चिंच लावली, काजळी चोळली, तेल दिलं, परत घासली. दोन दिवस अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मी वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, बराच वेळ बघितली.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "त्याचंच वाईट वाटतं."

मी कडेवर पेरानं ठोकून बघितलं. ठण्ण झालं. दर्ग्यातली वाटीही अशीच ठण्ण व्हायची. माझ्या कानाला फरक वाटला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिरव्या फडक्यात बांधून मी वाटी घेऊन गेलो. चाची भिंतीला उशी लावून बसली होती. तोंड सुकलेलं, पण मला बघून हसली. चाचांनी वाटी धुतली, माठातलं पाणी भरलं, तिच्यासमोर धरली आणि कडेवर पेर मारलं.

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी वाटीकडं बघितलं, मग चाचीकडं. अक्षरात काही चुकलं का? वर्तुळ कमी पडलं का? चाचीनं माझ्याकडं बघितलं. सरळ, पापणी न हलवता. मी उंबऱ्यात उभा होतो, मी नजर खाली घातली.

वर बघितलं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. नेहमीसारखी शांत बसली होती, हात मांडीवर. कितीतरी वेळ बसली. मग डोळे उघडले, गोळी तोंडात टाकली आणि वाटी तोंडाला लावून सगळं पाणी प्यायली. थेंब सांडला नाही.

"छान केलंस रे," ती म्हणाली. "गळा कोरडा राहिला."

मी घरी आलो तो जवळजवळ नाचतच. अप्पांना ओरडून सांगितलं, "खपली!" त्यांनी ऐकलं की नाही देव जाणे, ते तंबाखू मळत राहिले. मला मात्र गंगेत न्हाल्यासारखं वाटत होतं. चाचीचं मन राखलं, गोळी पोटात गेली, कुणाला कळलं नाही. आणि लपवून काय ठेवायचं, नक्षीचा गर्वही होता. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला मी गाठलं होतं आणि चाचीसारखी बाई फसली होती.

मग मी रोज सकाळी जायला लागलो. दुकान उघडायच्या आधी उंबऱ्यात उभं राहायचं, चाचा वाटी वाजवायचे, चाची डोळे मिटायची, मग प्यायची. त्यानंतर माझ्याकडं वळून विचारायची, "काय रे, काही बोलायचंय?"

"नाही चाची."

"नक्की?"

"नक्की."

पहिल्यांदा वाटलं, सहज विचारते. चौथ्या-पाचव्या दिवशी तो प्रश्न अंगावर यायला लागला. तिचा आवाज खोल गेला होता. मला तिच्या ओठांकडं बघून शब्द लावावे लागायचे. सूज पोटापर्यंत चढली होती. जेवण म्हणजे दोन घास पेज. मला रोज वाटायचं, सांगून टाकावं. आणि रोज वाटायचं, आता सांगितलं तर हिचा होता नव्हता तेवढा आधार जाईल, आणि मग हिला मी मारली असं होईल. असं म्हणून मी मला सोडवून घ्यायचो.

एकदा तिनं चाचांना दूध आणायला पाठवलं. घरात दूध होतं, चुलीजवळ झाकलेलं मला दिसत होतं. चाचा काही न बोलता उठले, टोपी घातली आणि गेले.

"बैस इथं," चाची म्हणाली. मी खाटेजवळ जमिनीवर बसलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता, सुजलेला होता. "तुझे चाचा आता अर्धा तास येत नाहीत. वाटेत चार जणांशी बोलतील."

"हं."

"लहानपणी तू माझी बरणी फोडली होतीस. लोणच्याची. आठवतं?"

"आठवतं."

"काय केलं होतंस?"

"तुमच्या कोंबड्यांवर घातलं होतं."

ती हसली. हसताना धाप लागली, थांबावं लागलं. "आणि संध्याकाळी रडत आला होतास. कोंबडी नाही, मी फोडली, म्हणून. मी काय केलं?"

"कान पिळला."

"आणि?"

"आणि शिरा दिला."

डोक्यावरचा हात तसाच होता. माझ्या घशापर्यंत आलं होतं सगळं. आता बोललो असतो, एका शब्दाचाच तर अवकाश होता. आणि मी काय बोललो? मी तिला तांब्याचा भाव सांगितला. तांबं कसं महाग झालंय, नाशिकचा व्यापारी कसा अडवतो, स्टीलची भांडी येऊन आमच्या आळीची कशी माती होणार आहे. असं बरंच बोललो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "असू दे. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. पत्रा आणायला जायचंय असं अप्पांना सांगितलं आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. पत्र्याची काही एक गरज नव्हती. मला तिचा तो प्रश्न नको होता.

दुपारी परत आलो तर आळी बंद होती. एकाही दुकानातून ठोका ऐकू येत नव्हता. आमच्याकडं कुणी गेलं की असं असतं. मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

मी खांदा दिला. मूठ मूठ माती दिली. तिच्या दोन्ही लेकी आल्या होत्या, माझ्या गळ्यात पडून रडल्या. मलाही रडू आलं, पण त्यातही मी हिशेबी होतो, चोर होतो. मनात एकच येत होतं, आता ही गोष्ट माझ्याबरोबरच संपली.

पण संपत नाही हो ती. तिसऱ्या दिवशी कबरीवर जियारतीची प्रार्थना झाली, पाहुणे पांगले, आणि दुपारी मी तीन तुकडे रुमालात बांधून चाचांकडं गेलो. ते ओट्यावर एकटेच बसले होते. मी रुमाल त्यांच्यापुढं ठेवला आणि पायांवर डोकं टेकलं.

"चाचा, मला काही सांगायचंय."

"माहीत आहे, बेटा," ते म्हणाले.

मी डोकं वर केलं. त्यांनी रुमाल सोडला, तुकडे एकेक करून बघितले, अक्षरांवरून हात फिरवला. रागावले नाहीत. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"कसं? अक्षर चुकलं का? कुठलं?"

त्या वेळीही मला नक्षीचंच पडलं होतं, बघा!

चाचा उठून आत गेले. येताना दोन वाट्या घेऊन आले. एक मी केलेली. दुसरी घरातली, साधी काशाची, तापात तळपायांना तूप चोळायला असते तशी. त्यांनी माझी वाटी तळहातावर घेऊन पेर मारलं.

"ऐकू आलं?"

"हो. ठण्ण झालं."

"संपलं?"

"हो, संपलं."

मग त्यांनी काशाची वाटी तळहातावर घेतली आणि तशीच वाजवली. "आता?"

"तसंच. ठण्ण झालं आणि संपलं."

चाचा एक बोट वर करून तसेच बसले, थांब म्हटल्यासारखे. मी थांबलो. मला वाटलं, काही आठवतायत. बोट वरच होतं. मग त्यांनी माझा हात धरला आणि माझ्या बोटांची टोकं वाटीच्या कडेला हलकेच लावली.

वाटी थरथरत होती. मुंग्या आल्यासारखी माझ्या बोटांत शिरत होती. मी हात मागं घेतला.

"परत वाजवा."

त्यांनी परत वाजवली. मी कान जवळ नेला. ठण्ण, आणि पुढं काही नाही. बोट लावलं, तर आपली थरथरतेच आहे.

"ती अजून वाजतेय, भालू," चाचा म्हणाले. "बारीक सूर आहे. कासं असंच वाजतं, लांबत जातं. दर्ग्यातली वाटी तर ह्याच्या दुप्पट वेळ वाजायची. आजाऱ्यानं तो सूर संपेपर्यंत ऐकायचा असतो. सुराबरोबर दुखणं जातं, असं म्हणतात. डोळे त्याच्यासाठी मिटायचे."

मी बघत राहिलो. सहाव्या वर्षापासून मी हातोड्यांत बसत होतो. बहिरेपणा अप्पांना होता, म्हाताऱ्यांना होता. मला लोकांचं बोलणं ऐकू यायचं. लोक माझ्याशी मोठ्यानं बोलतात आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघून ऐकतो, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. चाचीचा आवाज मुळातच मोठा, असं मी समजत होतो.

"माझ्याशीच मोठ्यानं बोलायची?" मी विचारलं.

"तुझ्याशीच. एरवी घरात ती इतकं हळू बोलायची की मलाच ऐकू यायचं नाही."

मला एकेक सकाळ दिसायला लागली. ती पहिली आणि नंतरच्या सगळ्या. चाचांचं पेर वाटीवर पडतंय, ठण्ण होऊन लगेच बंद होतंय, घरात शुकशुकाट, आणि ती डोळे मिटून बसली आहे.

"मग ती काय ऐकत होती?"

"काही नाही. आधीची वाटी जेवढा वेळ वाजायची तेवढा वेळ अदमासानं बसून राहायची. मी विचारलं, बाई, काय चालवलंस हे? तर म्हणाली, पोरगं उंबऱ्यात उभं असतं."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी काय केलं होतं! तिच्या जिवाला आधार हवा म्हणून खोटी वाटी दिली, आणि तो आधार तर पहिल्याच सकाळी गेला. मी खरं बोललो असतो, तर तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या, रडली असती, कान पिळला असता, आणि मोकळी झाली असती. त्याऐवजी मरायला टेकलेल्या त्या बाईला मी रोज सकाळी सोंग करायला लावलं. तिची शेवटची ताकद माझी अब्रू राखण्यात गेली.

"मग बोलली का नाही मला? तुम्ही तरी का नाही विचारलंत?"

"मी विचारणार होतो. तिनं शपथ घातली." चाचांनी तुकडे परत रुमालात ठेवले. "म्हणाली, विचारलं तर तो कबूल होईल आणि जन्मभर खाली मान घालून राहील. आपण होऊन सांगितलं तर मोकळा होईल. थांबा. आज सांगेल. रोज सकाळी उठली की मला पहिलं तेच म्हणायची. आज सांगेल बघा."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी विचारलं.

"आणि शेवटच्या दिवशी?"

चाचांनी डोळ्यांवर उपरणं धरलं.

"त्या दिवशी मी वाटी भरली. वाजवायला गेलो तर तिनं हात धरला माझा. म्हणाली, थांबा, भालू येऊ दे. मी म्हटलं, गोळीची वेळ झाली. तर म्हणाली, येईल, आज तो नक्की सांगणार आहे, काल अगदी ओठांवर आलं होतं त्याच्या. उन्हं ओट्यावरून आत आली. मी परत म्हटलं, घे. तिनं मान हलवली. नजर दाराकडं होती. मी थोड्या वेळानं बघितलं तरी दाराकडंच होती, म्हणून मला लवकर कळलं नाही."